पाच अक्षरांची जागा

“केतकीचं लग्न पार पडलं की हा फोन काढून टाकायचा,” बाबांनी जाहीर केलं आणि हॉलच्या कोपऱ्यातल्या फोनवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा ठेवून दिला. “घरात माणसागणिक मोबाइल झालेत. ह्याची घंटी शेवटची कधी वाजली, आठवतंय का कुणाला?”

“परवा वाजली की,” सुलूआत्या म्हणाली.

“राँग नंबर होता तो, अक्का.”

“पण वाजली ना?”

आत्या उठली. पत्रिकांचा गठ्ठा उचलून तिनं बाबांच्या हातात दिला, रिसीव्हर कानाला लावून टोन येतोय ना ते पाहिलं आणि परत जागेवर येऊन बसली. सांगलीच्या बाजारात भल्याभल्यांशी हुज्जत घालणारा माझा बाप थोरल्या बहिणीपुढे मात्र पार मांजर व्हायचा. तरी ह्या वेळी त्यांनी हट्ट सोडला नव्हता. टेलिफोन ऑफिसात द्यायचा अर्ज त्यांनी लिहून तयार ठेवला होता आणि आत्याला ते ठाऊक होतं.

ह्या गोष्टीला आता वीसेक वर्षं होतील. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नवीनच लागले होते आणि धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी रजा टाकून घरी आले होते. “मोठीला सोडून धाकटीचं आधी?” असं जो पाहुणा विचारायचा, त्याला आत्या परस्पर वाटेला लावायची. ती स्वतः बिनलग्नाची. तरुणपणी वडील गेले, पाठीवर दोन भाऊ शिकायचे होते, आणि ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. म्हणून राहून गेलं, असं घरात सांगितलं जायचं. माझा तिच्यावर फार जीव होता. आईनं मला जन्म दिला खरा, पण माझे लाड करायचं खातं आत्याकडे होतं.

तर केतकीच्या डोक्यातून एक खूळ निघालं. लग्नाच्या हॉलमध्ये एक टेबल मांडायचं. त्यावर माझा लॅपटॉप. बायकांनी यायचं, प्रसंग निवडायचा, नवऱ्याचं नाव टाइप करायचं, की शेजारच्या प्रिंटरमधून त्या नावाचा उखाणा छापून बाहेर.

“ताई, तुला काय अवघड आहे?” ती म्हणाली. “दिवसभर तेच करतेस ना?”

दिवसभर मी काय करत होते ते घरात कुणालाच कळलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं कळलेलं नव्हतं. पण मी हो म्हटलं. उखाण्यांची चिंता नव्हती. आमच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, बाई नाव घ्यायला उभी राहिली की उखाणा आत्याचाच असायचा. तिचे उखाणे कुठे लिहिलेले नव्हते, सगळे तोंडपाठ. अख्ख्या गल्लीला उखाणे पुरवणाऱ्या ह्या बाईनं स्वतः मात्र कधी नाव घेतलं नव्हतं. घेणार कुणाचं?

दुपारची जेवणं आटोपली की मी लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ बसायची. तिचे हात रुखवताच्या कामात गुंतलेले असायचे. एक्स्चेंजमधल्या जुन्या केबलच्या रंगीत तारा तिनं जपून ठेवल्या होत्या, त्यांची ती टोपली विणत होती.

“घे, गृहप्रवेशाचा,” ती सांगायची. “‘उंबऱ्याशी रांगोळीला भरले मी सात रंग...’” मग ती थांबायची. विणकाम मांडीवर ठेवून डाव्या हाताची बोटं अंगठ्यापासून एकेक करून मिटायची, आणि मूठ पुरी मिटली की पुढे म्हणायची, “‘...रावांचं, नाव घेते सर्वांसंग.’”

नावाच्या जागी बाकीच्या बायका ‘अमुक’ म्हणून मोकळ्या होतात. आत्या काहीच म्हणायची नाही. नुसती बोटं मिटायची. ताल धरायची सवय असेल, असं मला वाटलं.

“आता जेवणाचा घे. ‘निळ्या निळ्या आभाळात पाखरांची गेली रांग...’” पुन्हा बोटं. “‘...रावांचं, नाव पुन्हा पुन्हा सांग.’”

एकदा मात्र निराळंच झालं. “‘आंबा घाटी धुके दाट, तार तरी बोलू लागे...’” एवढं म्हणून ती थांबली. हात विणकामावर तसाच राहिला, बोटं मिटली नाहीत.

“पुढे?” मी विचारलं.

“हा राहू दे. पुढचं विसरले.”

“बरं झालं विसरलीस,” केतकी म्हणाली. “लग्नात कसली तार बोलते? कुणीतरी गेल्याची तार आली असं वाटेल लोकांना.”

आत्या हसली. पण आत्या काही विसरली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. निवृत्त होऊनही अर्ध्या सांगलीचे नंबर तिला पाठ होते. दुकानदार ओळख देताना नाव सांगायचे, ही नंबरावरून ओळखायची.

मी काय करते ते समजून घ्यायचा घरात एकटीनं प्रयत्न केला तो तिनंच. “मला सांग,” ती म्हणाली, “नाव टाकल्यावर ते मशीन काय करतं?”

“त्यात फंक्शन असतं. म्हणजे एक काम करणारा माणूस समज,” मी सांगू लागले. “आपल्या ह्या कामाला दोन गोष्टी लागतात, प्रसंग आणि नाव. दोन्ही दिल्या की उखाणा तयार. पण प्रसंग आपल्याला आज माहीत आहेत, आणि नाव त्या दिवशी समोर बाई आल्यावर कळणार. मग नावासाठी सगळंच कशाला अडवून ठेवायचं? प्रसंग आजच भरून टाकायचा. त्यातून एक नवं फंक्शन मिळतं, अर्धं भरलेलं. प्रसंग त्याच्या पोटात असतो. त्याला आता एक नाव तेवढं हवं असतं. नाव येईपर्यंत ते तसंच थांबतं.”

“म्हणजे कॉर्ड,” आत्या म्हणाली.

“कॉर्ड?”

“आमच्या बोर्डावर असायची. एका कॉर्डला दोन टोकं. फोन करणाऱ्याच्या लाईनीत एक टोक खोचायचं, दुसरं हातात धरायचं. ज्याला फोन करायचाय त्याची लाईन मोकळी होईपर्यंत ते हातातच. खाली टाकायचं नाही. टाकलं तर पहिला माणूसही गेला.”

कंपनीतल्या साहेबांनी फळ्यावर अर्धा तास खडू झिजवून जे सांगितलं होतं ते हेच होतं.

“फक्त आमच्या इथं एक खाष्ट माणूस असतो,” मी म्हटलं. “कंपायलर. आपण लिहिलेलं सगळं तो आधी यंत्राच्या भाषेत उतरवतो, मगच ते चालतं. आणि उतरवताना बारीकसारीक सगळं तपासतो. जागा मोकळी ठेवायला त्याची ना नसते, पण त्या मोकळ्या जागेत काय मावेल ते तो आधीच ठरवून ठेवतो. नावाच्या जागी नावच पाहिजे. आकडा घेऊन आलात तर दारातूनच परत.”

“सासूच म्हण की,” आत्या म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

देवनागरी अक्षरं पडद्यावर धड दिसेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. पण एका सकाळी प्रोग्रॅम तयार झाला. पहिलं नाव अर्थातच नवरदेवाचं. केतकीच्या नवऱ्याचं नाव ओम. ओंकार नव्हे, नुसता ओम. केतकीनं ते टाइप केलं, गृहप्रवेश निवडला आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं:

“‘उंबऱ्याशी रांगोळीला भरले मी सात रंग, ओमरावांचं नाव घेते सर्वांसंग.’ ई! ताई, हे कसंतरीच वाटतंय. जिना उतरताना एक पायरीच नसावी तसं.”

दुसरा उखाणा काढला, तिसरा काढला. सगळे तसेच. नावापाशी आले की धडपडत. मी दुसरी नावं घालून पाहिली. ती ओमपेक्षा जरा बरी, पण अडखळणं होतंच. लग्न तोंडावर आलेलं, आणि माझ्या प्रोग्रॅमनं आत्याच्या उखाण्यांची पार रया घालवली होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. “तुम्हाला म्हणताच येत नाही गं,” ती म्हणाली. “ऐका. ‘उंबऱ्याशी रांगोळीला भरले मी सात रंग, माझ्या भूपालरावांचं नाव घेते सर्वांसंग.’ अडखळलं का कुठं?”

नाही अडखळलं. घरंगळत गेलं.

“आई, ते ‘माझ्या’ कुठून आणलंस?”

“आणलं कुठून म्हणजे? अक्कांचे उखाणे असेच म्हणायचे असतात.”

मी समोरच्या शेडबाळेकाकूंना हाक मारली. त्यांनाही तोच उखाणा म्हणायला लावला. काकूंनी पदर सारखा केला, लाजून घेतलं आणि म्हणाल्या, “...श्री शांतिनाथरावांचं नाव घेते सर्वांसंग.”

“आणि काकू, नवऱ्याचं नाव ओम असतं तर?”

“एवढंसंच? मग ‘आमच्या ओमरावांचं’ म्हणायचं की.”

मी बोटांवर मोजलं. ‘आमच्या ओम’, पाच अक्षरं. ‘माझ्या भूपाल’, पाच. ‘श्री शांतिनाथ’, पाच. गल्लीतल्या बायका इतकी वर्षं आपापल्या नवऱ्याच्या नावाला ठिगळ लावून आत्याचे उखाणे म्हणत होत्या आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. उलट अक्कांचा उखाणा म्हणजे जरा ऐटीतला, असा त्यांचा समज होता. माझ्या प्रोग्रॅमला ऐट माहीत नव्हती. त्यानं जागा आहे तशी उघडी करून दाखवली.

दुरुस्ती सोपी होती. नाव आलं की अक्षरं मोजायची आणि कमी पडतील तेवढं ठिगळ आपणच लावायचं. तासाभरात काम झालं, केतकी खूश झाली. मी मात्र टोपली विणणाऱ्या आत्यापाशी जाऊन बसले.

“आत्या, एवढी मोठी जागा कशाला ठेवलीस गं? प्रत्येक उखाण्यात?”

“कसली जागा?”

“नावाची. पाच अक्षरांची. एवढं लांब नाव असतं तरी किती जणांचं? जयकुमार, चंद्रशेखर...”

“असतात की,” ती म्हणाली. तिनं दातानं तार तोडली. “सवय गं. एकदा एक माप हाताला बसलं की पुढचं सगळं त्याच मापाचं होतं.”

“कुणाचं माप?”

आत्यानं टोपली फिरवून पाहिली, एक सुटलेलं टोक आत दाबलं. “तुझा तो कंपायलर असलं काही विचारतो का?”

“नाही. तो नुसता मोकळ्या जागेचा आकार लक्षात ठेवतो.”

“मग तूही तेवढंच कर.”

लग्न थाटात झालं. आमच्या टेबलापुढे बायकांची ही झुंबड. नवरे लांबून बघत होते, आपलं नाव नीट छापून आलं का म्हणून हळूच येऊन खात्रीही करत होते. आत्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि चुकीचं टाइप करणाऱ्यांना अक्षरं दाखवून देत होती. छान दिसत होती ती. जांभळी इरकल नेसलेली, केसांत अबोली.

ओमची एक मावशी आली. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. “तुम्ही इतका वेळ सगळ्यांचे काढून देताय, तुमचा कुठाय?” ती म्हणाली. “घाला की नाव!”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार तोच आत्यानं हात पुढे केला आणि एक अक्षर दाबलं. मग त्याचा उकार. पडद्यावर नावाच्या चौकटीत ‘पु’ उमटला. तिचं बोट पुढच्या अक्षरावर जाऊन थांबलं. मग तिनं ते मागे घेतलं आणि ‘पु’ पुसून टाकला.

“दिसत नाही हो नीट. चष्मा राहिला घरी,” ती मावशीला म्हणाली.

चष्मा तिच्या नाकावर होता.

पाहुणे पांगले. घर सुनं झालं. केतकी सासरी गेल्याचं आईला मध्येच आठवायचं आणि ती डोळे पुसायची. अशाच एका सकाळी बाबांनी अर्ज खिशात घातला. “अक्का, मी जाऊन येतो टेलिफोन ऑफिसात. आता बंद म्हणजे बंद. उगीच भाडं भरत बसायचं?”

आत्या फोनवरची धूळ पुसत होती. “भूपाल, माझ्यापुरता राहू दे की,” ती म्हणाली. एवढं मऊ बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. हुकूम सोडणाऱ्या माणसानं विनवणी केली की ऐकवत नाही.

“अगं तुला नवीन मोबाइल घेऊन देतो ना! नंबर कुणाला हवा असेल त्याला सांगू.”

बाबा चहा घेऊन निघतो म्हणून आत गेले. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“‘पु’ कोण, आत्या?”

ती फोन पुसतच राहिली. मला वाटलं, रागावली.

“रत्नागिरी,” ती म्हणाली.

“काय?”

“आम्ही ऑपरेटर एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. मी सांगली, ते रत्नागिरी. आमची लाईन कोल्हापूरवरनं जायची. पावसाळ्यात आंबा घाटात तुटायची. जोडली गेली की पहिला आवाज त्यांचा यायचा, ‘बोला सांगली.’ कॉल नसले की मी उखाणे जुळवायची आणि ते ऐकायचे. एकदा म्हणाले, माझ्या नावाचा एक करा. माझं नाव कुठल्याच उखाण्यात बसत नाही. आईला काळजी पडलीय, एवढं लांबलचक नाव कुठली सून घेणार म्हणून.”

“मग केलास?”

“ते पुढे म्हणाले, करा, आणि बसलं तर तुम्हीच घ्या ते नाव. चारचौघांत.” आत्यानं फडकं घडी करून ठेवलं. “केला मी. चांगला झाला होता. आणि त्याच आठवड्यात अण्णा, तुझे आजोबा, गेले. तुझा बाप शाळेत होता. सुतक फिटल्यावर मी कामावर गेले, हेडफोन लावला, आणि पलीकडून त्यांनी विचारलं, ‘सांगली, बसलं का नाव?’”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, होल्ड करा.”

आतून बाबांचा बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

“नंतर मला दुसऱ्या पाळीला घातलं. तिकडं त्यांचीही पाळी बदलली असेल. मग एसटीडी आलं. ज्यानं त्यानं आपापला नंबर फिरवायला सुरुवात केली, आम्हाला कोण विचारतो? बोर्ड उचलून नेला. पण ह्या घरचा नंबर मी त्यांना दिलेला होता. म्हटलं, करतील कधीतरी. पाठ असणार त्यांना. ऑपरेटर नंबर विसरत नाही.”

“म्हणून हा फोन.”

“म्हणून,” ती म्हणाली.

तिच्या साऱ्या उखाण्यांतल्या त्या मोकळ्या जागा मला एका ओळीत दिसल्या. लोकांच्या लग्नात, लोकांच्या बारशात, दुसऱ्यांच्या नवऱ्यांसाठी म्हणून केलेल्या, आणि सगळ्या एकाच मापाच्या. आणि त्याच वेळी मला दुसरं काहीतरी खटकलं.

“आत्या, एक विचारू? एक्स्चेंजमध्ये एखाद्याला होल्डवर ठेवलं, तर परत लाईनीवर कुणी यायचं असतं? ठेवणाऱ्यानं, की जो होल्डवर आहे त्यानं?”

“ठेवणाऱ्यानं,” ती सवयीनं म्हणाली. “होल्डवरच्यानं काही करायचं नसतं. त्यानं नुसतं धरून...”

ती बोलायची थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

“अगं बाई,” ती हळूच म्हणाली.

उभ्या नोकरीत जो नियम तिनं नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवला होता, तोच ती विसरून बसली होती. घंटी इकडे वाजायची नव्हतीच.

“त्यांचा नंबर आहे?”

“आहे. डिरेक्टरीत पाहिला होता मागे. नंतर सगळ्याच नंबरांच्या पुढे दोनाचा आकडा लागला.” मग ती एकदम घाबरली. मी तिला घाबरलेली कधी पाहिली नव्हती. “नको गं स्नेहल. संसार असेल त्यांचा. बायको असेल, सुना असतील. आणि माणूस तरी... ह्या वयात कुणाच्या घरात कशाला घंटी वाजवायची?”

“दुसऱ्या कुणी उचलला तर राँग नंबर म्हणून ठेवून दे. पण आज नाही केलास तर बाबा संध्याकाळपर्यंत हा फोन बंद करून येतील.”

तिनं रिसीव्हर उचलला. बोट बटणांपर्यंत गेलं आणि मागे आलं. तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला. “तू जोडून दे,” ती म्हणाली. “मी आज ऑपरेटर नाही.”

ती एकेक आकडा सांगत गेली, मी दाबत गेले. पलीकडे घंटी वाजू लागली. बराच वेळ वाजली. ठेवून द्यावा असं माझ्या मनात आलं तेवढ्यात कुणीतरी उचलला.

“हॅलो?” म्हातारा आवाज. जरा धाप लागलेला, पण एकेक अक्षर स्वच्छ.

“रत्नागिरी?” मी म्हटलं. “सांगलीहून कॉल आहे. बोला.”

मी रिसीव्हर आत्याच्या कानाला लावला आणि माझाही कान पलीकडून चिकटवला. आत्या ताठ बसली. पदर नीट केला. आणि आम्ही घरात कधीच न ऐकलेल्या आवाजात, तिच्या बोर्डावरच्या आवाजात म्हणाली:

“सांगली बोलतेय.”

पलीकडे काही ऐकू येईना. लाईन गेली की काय म्हणून मी खालच्या तारेकडे पाहिलं. बाबा आतून बाहेर आले होते. एका पायात चप्पल घालून ते तसेच उभे राहिले.

“बोला सांगली,” पलीकडचा आवाज आला. “होल्डवरच आहे.”

आत्यानं डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज जरासुद्धा हलला नाही.

“‘आंबा घाटी धुके दाट, तार तरी बोलू लागे,’” ती म्हणाली. तिचा डावा हात मांडीवर उघडा होता. अंगठा मिटला, मग एकेक बोट. ह्या वेळी प्रत्येक बोटाबरोबर एक अक्षर होतं. “‘पुरुषोत्तमरावांचं नाव माझ्या ओठी जागे.’”

मूठ मिटली. ठिगळ कुठंच लागलं नाही.

बाबांनी पायातली चप्पल काढली आणि आवाज न करता भिंतीशी ठेवली. पलीकडचं माणूस हसत होतं की रडत होतं, ते मला कळत नव्हतं. मग त्यांचा आवाज आला, अगदी नोकरीतल्या माणसानं नोंद द्यावी तसा.

“बसलं की, सांगली,” ते म्हणाले. “नाव बसलं.”